साडेनऊ ते दीड

गुडलकमध्ये चौघांच्या टेबलाला आम्ही आठ जण बसलोय. बाहेर ऑगस्टचा पाऊस, आत चहाची वाफ आणि ओल्या जर्किनांचा वास. १९३५ पासून हे कॅफे फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी आहे. एवढ्या काळात इथे किती नाटकं ठरली आणि किती मोडली, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. आत्ता या टेबलावर एक मोडायच्या बेतात आहे.

पुरुषोत्तम करंडकाची फेरी आठवड्यावर आलीये. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही स्पर्धा घेतं, आणि पुण्यातल्या कॉलेजांच्या नाट्यमंडळांचं ऑगस्टमधलं सगळं जगणं तिच्याभोवती फिरतं. टेबलावरच्या या मंडळाची एकांकिका तासाच्या वर जातेय. काहीतरी कापायला हवं. दिग्दर्शिका बीडची आहे, तिसऱ्या वर्षाला. तिनं बन-मस्क्याच्या बशीखाली संहिता दाबून धरलीये, म्हणजे कुणी ओढून घेऊ नये.

"विहिरीचा सीन कापायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

"मग काय माहा मोनोलॉग कापून राहिली का?" नागपूरकर विचारतो. तो नायक आहे.

"तुझा अर्धा मोनोलॉग तू खोकण्यात घालवतोस. खोकणं काप."

सगळे हसतात, तोही हसतो. ती संहितेच्या मागच्या पानावर मिनिटं मांडायला लागते. प्रवेश पहिला इतका, ब्लॅकआऊट इतका. कोल्हापूरचा प्रकाशयोजना बघतो, तो पुढे वाकून तिला ब्लॅकआऊटचे सेकंद सांगतोय. आज तालमीत दोन तास जे सुटलं नाही, ते इथे दहा मिनिटांत सुटायला लागलंय. मी तालीम बघायला आलो होतो आणि यांच्याबरोबर इथवर आलो, ते याचसाठी. नाटकाचं खरं काम तालमीनंतर होतं, हे मी माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून बघत आलोय.

साडेनऊला तिच्या मोबाइलचा गजर वाजतो.

ती वाक्य अर्धं टाकून उठते. तिच्याबरोबर आणखी दोघी उठतात, एक अभिनय करणारी, एक संगीत बघणारी. वसतिगृहाचं गेट दहाला बंद होतं. मागच्या महिन्यात एकीला दहा मिनिटं उशीर झाला, तर रेक्टरबाईंनी तिच्या घरी, गावी, फोन लावला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी 'नाटक बंद' असं सांगितलं. त्या मुलीची भूमिका आता ही स्वतः करतेय, दिग्दर्शन सांभाळून. तिघी पैसे टेबलावर ठेवतात, 'तू तुझं, मी माझं' हा हिशेब चोख आहे, आणि रस्ता ओलांडून रिक्षाकडे पळतात. संहिता ती घेऊन गेलीये.

टेबलाला आता आम्ही पाच जण उरलोय. मुलगी एकही नाही.

हे चित्र मी नेहमीच बघत आलोय, पण आज ते फार टोचतं, कारण ज्या माणसाच्या डोक्यात सगळं नाटक आहे तोच माणूस उठून गेलाय. मुलांच्या वसतिगृहालाही वेळ असते, नियमात लिहिलेली. पण तिथला रखवालदार कुलूप काढतो आणि सही करा म्हणतो, एवढंच. दिल्लीत २०१५ साली मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत याच गेटांविरुद्ध आंदोलन उभं केलं होतं. इथे रोज रात्री पावणेदहाला रिक्षा मिळते की नाही, यावर सगळं येऊन थांबतं.

आम्ही बाहेर पडतो. काही वेळ कट्ट्यावर जातो. पाऊस भुरभुरतोय. फर्ग्युसन रस्ता या वेळी बघण्यासारखा असतो. कपड्यांच्या स्टॉलवाल्यांची आवराआवर चाललीये, ताडपत्र्या झटकल्या जातायत. वैशाली हॉटेलपुढची गर्दी ओसरलीये. रानडे इन्स्टिट्यूटच्या बाजूनं परकीय भाषांचे क्लास करणारी पोरं येतायत. कोपऱ्यावरचा चहावाला पातेलं विसळून पाणी रस्त्यावर फेकतो. अकराच्या आसपास पोलिसांची गाडी येते, हळू चालत. शिट्टी वाजते. "चला, चला, घरी व्हा."

घरी म्हणजे कुठे? लातूरकर, लेखक आहे तो, कर्वेनगरातल्या फ्लॅटमध्ये सहा जणांत राहतो. अकरानंतर आवाज झाला तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतात. नागपूरकराच्या पेइंग गेस्टच्या काकूंना पाहुणा चालत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात, पण तिथे शिंकलं तरी माना वळतात. कॉलेजचं गेट बंद. टेकडीवर अंधार आणि चिखल. राहतं काय, तर ज्याला दीडपर्यंत परवानगी आहे ते.

कायद्यानं हे असं असायला नको होतं. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना अधिनियमानुसार चहाचं हॉटेल चोवीस तास उघडं ठेवता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढून ते पुन्हा स्पष्ट केलं: मुभा सगळ्यांना, फक्त दारू देणाऱ्या जागा वगळून. रस्त्यावर आज मला उलटं दिसतंय. चहा अकराला बंद, दारू दीडला. या चौघांना रात्री अकरा ते एक बोलत बसायचंय, आणि त्यासाठी हे शहर त्यांना एकाच प्रकारचं टेबल देतं.

डेक्कनच्या मागच्या गल्लीत परमिट रूम आहे. जिना अरुंद, वर काचेचं दार. दारातच मॅनेजर उभा आहे.

"आधार दाखवा. सगळ्यांनी."

ही सक्ती पूर्वी नव्हती. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्यानंतर पुण्यातल्या बारवाल्यांची झोप उडाली. तपासण्या झाल्या, कितीतरी ठिकाणी टाळी लागली. मॅनेजर मोबाइलवरची चार आधार कार्डं बोटानं मोठी करून जन्मसाल वाचतो. तिघं बावीस-तेवीसचे. चौथा बॅकस्टेजचा पोरगा, पहिल्या वर्षाचा, अठरा पूर्ण.

"तू कोल्ड्रिंक घेणार. कबूल असेल तर बस."

पोरगा मान हलवतो. महाराष्ट्रात सौम्य बियरला २१ वर्षं लागतात आणि कडक दारूला २५. शिवाय प्यायचा परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेली ही अट आहे, एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि आयुष्यभराचा हजार रुपयांना मिळतो. परवाना इथे कुणी विचारत नाही. पंचवीसचा आकडा या दारात एकवीसवर येतो, कारण मॅनेजरनं तो मनाशी तसा ठरवलाय. मला हे घातक वाटतं. जो नियम कुणीच पाळत नाही, तो असताना पोराला खरं कोण जपतं, तर हा एक थकलेला माणूस. तो सुट्टीवर असेल त्या दिवशी कोण?

आत ट्यूबलाइट आहेत. ना अंधार, ना मोठं संगीत. भिंतीवर क्रिकेटचा जुना सामना आवाज बंद करून लावलाय. टेबलाच्या सनमायक्याची कड उचकटलीये. वेटर उकडलेले शेंगदाणे आणि काकडी ठेवतो, न मागता. पोरं मेनू कार्ड उजवीकडून वाचतात, आधी आकडे. जून २०२५ मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हापासून भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची क्वार्टर दुकानातसुद्धा २०५ रुपयांच्या खाली मिळत नाही. परमिट रूमचा भाव त्याहून वर, त्यावर दहा टक्के व्हॅट. तिघांत एक क्वार्टर रम, एक थम्सअप, एक मसाला पापड. बॅकस्टेजच्या पोराला लिंबू सोडा.

वेटर सील दाखवून बाटली उघडतो. ओतायचं काम कोल्हापूरच्याकडे. तो तीन ग्लास एका रेषेत लावतो, टेबलाच्या पातळीला डोळा आणतो आणि थेंबाथेंबानं सारखं करत जातो. तिसऱ्यात किंचित जास्त झालं तर पहिल्यात परत. लाइट्सचं मीटर लावतानाही त्याचा चेहरा अगदी असाच होतो, हे मी संध्याकाळी पाहिलंय. तीन साठ. यात दीड तास काढायचाय.

आणि खरंच, ग्लास तसेच राहतात. बोलणं चालू होतं. लातूरकर सांगतो की विहिरीचा प्रसंग त्याच्या आजीवरून आलाय, पण खोलीत एकट्यानं लिहिताना तो लांबला. नागपूरकर म्हणतो, त्याला तो प्रसंग करतानाच भीती वाटते, म्हणून तो खोकतो. एवढ्या तालमी झाल्या, त्यात हे निघालं नव्हतं. कोल्हापूरचा म्हणतो, "भावा, मग खोकू नको की. गप्प राहा. मी लाइट उतरवतो, ते दिसंल." तिघं एकदम थांबतात. बॅकस्टेजचा पोरगा हळूच म्हणतो, "तसं केलं तर पाच मिनिटं वाचतील."

त्याचं या टेबलावर पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलंय. कान लाल झालेत त्याचे.

ही पोरं रमसाठी आलेली नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या टेबलांवर तशी आहेत. कोपऱ्यात इंजिनिअरिंगचे पाच जण बॅकलॉगचं दुःख बुडवतायत, त्यांची तिसरी क्वार्टर आलीये आणि एकाची मान टेबलावर पडलीये. वेटर त्याच्यासमोर पाण्याचा जग ठेवतो आणि बाकीच्यांना सांगतो, "याला आता देणार नाही. तुम्हीपण जेवण सांगा." आवाज चढत नाही. पोरं ऐकतात. थोड्या वेळानं त्या टेबलावर दाल-राइस येतो. वेटर त्या पोराच्या खुर्चीजवळून जाताना दर वेळी त्याच्या खांद्याला हात लावून जातो, शुद्धीवर आहे ना बघत. आई-बाप गावाकडे आहेत. रात्री साडेबाराला त्याची काळजी घेणारा माणूस हा आहे, आणि त्याची स्वतःची पाळी सकाळी अकराला सुरू झालेली आहे.

आमच्या टेबलावर मात्र एक गोष्ट घडते ती मला आवडत नाही. खोकणं कापायचं ठरलं, तोवर ठीक. मग लातूरकर म्हणतो, विहिरीच्या प्रसंगाचा शेवटही बदलू. नागपूरकर लगेच करून दाखवतो. कोल्हापूरचा मोबाइलवर लिहून घ्यायला लागतो. उद्या तालमीत जाऊन हेच करायचं, असं ठरून जातं. तिला न विचारता. कुणाच्या मनात वाईट नाही, ती फक्त इथे नाही. कितीतरी मंडळांत दिग्दर्शिका म्हणून मुलगी असते आणि निर्णय दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर येतात, ते असेच, रात्री एक वाजता पापडाच्या चुऱ्यावर घेतलेले.

बोलतं ते बॅकस्टेजचं पोरगं. "ताईला फोन करा ना."

"झोपली असंल."

"नाही झोपत ती. लावा."

लावतात. ती वसतिगृहाच्या जिन्यात येऊन दबक्या आवाजात बोलते, मागे नळ गळतोय तो ऐकू येतो. खोकण्याच्या जागी शांतता, हे ती ऐकून घेते. थोडं थांबून "भारी" म्हणते. शेवटाचं ऐकल्यावर म्हणते, "ते नाही. शेवट मी बसवलाय, तो तसाच राहील. मी नसताना शेवटाला हात लावायचा नाही कुणी."

"अगं पण आम्ही करून बघितलं—"

"मी बघितलं का?"

कोल्हापूरचा लिहिलेलं खोडतो.

सव्वाला वेटर शेवटची ऑर्डर विचारतो, दीडला दिवे लागतात ते सगळे. बिलाचे तीन सारखे भाग यूपीआयवरून होतात, सोड्याचे पैसे तिघं वाटून घेतात. खाली दोन दुचाक्या आहेत आणि न प्यालेलं माणूस फक्त एक, ते पोरगं, त्याचं लायसन्स नवं कोरं. खंडुजीबाबा चौकाकडे नाकाबंदी असते. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कोर्ट. हे तिघांचं महिन्याचं मेसचं बिल आहे. पण नागपूरकर किल्ली काढून देतो ती दंडासाठी नाही. "आठ दिवसांवर प्रयोग आहे बे, हातपाय पाहिजेत." एक गाडी इथेच लॉक करून ठेवतात. रिक्षावाला कर्वेनगरचे दुप्पट सांगतो, दीडपटीवर तुटतं.

त्याआधी हातगाडीवर भुर्जी. रॉकेलच्या वासाचा जुना स्टोव्ह गेला, आता सिलिंडर आहे, पण तव्यावर कांदा पडतो तो आवाज तोच. गाडीवाल्याची नजर सारखी रस्त्याच्या टोकाला, पोलिसांची गाडी येते का बघत. पाव भाजून होईतो लातूरकर ग्रुपवर मेसेज टाकतो: उद्यापासून तालीम सकाळी सहाला. चहा टपरीवर. संध्याकाळी फक्त रन-थ्रू.

"सकाळी कोण उठणार?" कोल्हापूरचा विचारतो, तोंडात पाव.

"सहाला त्यांचं गेट उघडतं," लातूरकर म्हणतो.

मोबाइल वाजतो. तिचं उत्तर आलंय: 'साडेपाचला उघडतं. साडेपाचला या. आणि लाइटवाल्याला कोणीतरी उठवून आणा.'