डॉन स्टेली: पॉइंट गार्डचा दुसरा डाव

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डच्या हाती संघाची सूत्रं असतात. चेंडू कोणाला आणि केव्हा द्यायचा हे तो ठरवतो. गुण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर लागतो. साडेपाच फूट उंचीची डॉन स्टेली याच जागी खेळून मोठी झाली. पुढे प्रशिक्षक झाल्यावरही तिने तेच काम केलं, फक्त सीमारेषेबाहेर उभं राहून.

तिचा जन्म १९७०चा, उत्तर फिलाडेल्फियातल्या गरिबांच्या सरकारी वसाहतीतला. तिथल्या उघड्या मैदानावर मुलांशी खेळतच ती तयार झाली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाला तिने सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत नेलं. १९९१चा अंतिम सामना टेनेसीने जादा वेळेत ७०-६७ असा जिंकला, तरी त्या फेरीतली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली ती पराभूत संघातली स्टेली. विद्यापीठाचं अजिंक्यपद मात्र खेळाडू म्हणून तिला कधीच मिळालं नाही.

तेव्हा अमेरिकेत स्त्रियांसाठी व्यावसायिक लीगच नव्हती. पदवीनंतर खेळायचं तर परदेशच गाठायचा, म्हणून फ्रान्स, इटली, ब्राझील आणि स्पेन अशी तिची भटकंती झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी संघासोबत तिने जिंकलेल्या सुवर्णपदकाने अमेरिकेतलं वारं फिरलं आणि तिथे व्यावसायिक लीग सुरू झाल्या. सिडनी आणि अथेन्समध्येही तिने सुवर्ण जिंकलं. २००४ साली अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज तिच्याच हातात होता.

मधल्या काळात, २००० साली, फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाने तिला प्रशिक्षकपद देऊ केलं. तिला ते नको होतं. ती अजून खेळत होती. अखेर तिने दोन्ही पेललं. विद्यापीठाचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचा उन्हाळ्यात. त्यामुळे सहा वर्षं ती हिवाळ्यात शिकवत होती आणि उन्हाळ्यात स्वतः धावत होती. टेंपलमधल्या आठ हंगामांत तिचा संघ सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला.

२००८ साली ती आईच्या मूळ राज्यात, साउथ कॅरोलिना विद्यापीठात आली. पहिल्या हंगामात १० विजय आणि १८ पराभव! गॅलरीतल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या असत. पुढच्या वर्षांत एकेक खेळाडू जमत गेली. विद्यापीठाच्या कोलंबिया शहराजवळच वाढलेल्या एजा विल्सनला देशभरातल्या विद्यापीठांकडून बोलावणं होतं, पण तिने घराजवळचाच संघ निवडला. २०१७ साली डॅलसमध्ये मिसिसिपी स्टेटला हरवून स्टेलीने ते अजिंक्यपद मिळवलं, जे खेळाडू असताना हुकलं होतं. तोवर महिला बास्केटबॉलला देशात सर्वाधिक प्रेक्षक इथेच येऊ लागले होते.

विजेत्या संघाने टोपलीची जाळी कापून घेण्याची तिथे प्रथा आहे. अजिंक्यपद जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक कॅरोलिन पेक. १९९९च्या विजयातल्या जाळीचा एक तुकडा तिने पूर्वीच स्टेलीला दिला होता. जिंकलीस की पुढे दे, एवढीच अट. स्टेलीने २०१७च्या जाळीचे तुकडे केले आणि विद्यापीठ बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या कृष्णवर्णीय महिला मुख्य प्रशिक्षकांना पाठवले. या खेळात कृष्णवर्णीय मुली मोठ्या संख्येने आहेत, मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत मात्र त्यांच्यातल्या मोजक्याच पोहोचतात.

मानधनाच्या बाबतीतही ती ठाम राहिली. २०२१ साली विद्यापीठाने तिच्याशी सात वर्षांसाठी २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षी टोकियोत तिच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. २०२२मध्ये विद्यापीठाला दुसरं अजिंक्यपद मिळालं.

२०२३च्या हंगामानंतर मात्र तिच्या पहिल्या पाचही जणी संघाबाहेर पडल्या. नव्या मुलींना घेऊन तिने पुढचा हंगाम ३८-० असा संपवला. २०२४च्या अंतिम सामन्यात समोर केटलिन क्लार्कचा आयोवा संघ होता. साउथ कॅरोलिनाने तो ८७-७५ असा जिंकला. आयोवाच्या राखीव खेळाडूंना एकही गुण मिळाला नाही. स्टेलीच्या राखीव मुलींनी ३७ केले. संघात सर्वाधिक १९ गुण होते टेसा जॉन्सनचे. ती पहिल्या वर्षात शिकत होती आणि सामना सुरू झाला तेव्हा बाकावर बसलेली होती.