माशातला पारा आणि आपला खिसा

मासे खाणारा मराठी माणूस कॅनडात आला की आधी पापलेट-सुरमईचे दुकान शोधतो. पुढे उन्हाळ्यात कुणी परवाना काढून, गळ घेऊन तळ्यावरही जातो. पण त्या तळ्यातला मासा किती खावा, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे विचारतात. ओंटारियो सरकारची मासे खाण्याविषयीची मार्गदर्शिका ह्याचे उत्तर तळ्याप्रमाणे, माशाच्या जातीप्रमाणे आणि लांबीप्रमाणे देते. असा सल्ला का लागतो, हे समजण्यासाठी वायव्य ओंटारियोकडे बघावे लागते.

केनोराच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर ग्रासी नॅरोज ही अनिशिनाबे ह्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन येथे कागदाचा कारखाना होता. कागद पांढरा करण्यासाठी लागणारे क्लोरीन बनवताना तेथे पारा वापरत. १९६२ ते १९७० ह्या काळात सुमारे ९ टन पारा नदीत गेला. पाण्यातले जीवाणू त्याचे अधिक विषारी रूप तयार करतात. ते लहान माशांतून मोठ्या माशांत आणि शेवटी माणसाच्या मज्जासंस्थेत जाते. हात थरथरणे, तोल जाणे, नजर आकुंचित होणे ही त्याची लक्षणे. जपानमधील मिनामाटाच्या रोग्यांचा अभ्यास केलेले डॉ. मासाझुमी हारादा १९७५ साली येथे आले, तेव्हा त्यांना तशाच खुणा दिसल्या.

१९७० साली मासेमारीचा धंदा बंद करावा लागला. म्हणजे अन्न, आरोग्य आणि रोजगार तिन्ही एकदम गेले.

आता हिशेब पाहू. १९८५ साली दोन वस्त्यांना मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर्सची भरपाई ठरली. २०१७ साली ओंटारियोने नदी साफ करण्यासाठी ८.५ कोटी डॉलर्स जाहीर केले. २०२० साली केंद्र सरकारने पाऱ्याच्या रोग्यांसाठी शुश्रूषागृह बांधण्याकरिता १ कोटी ९५ लाखांचा करार केला, आणि पुढे ती रक्कम वाढवावी लागली. आमच्या संगणकाच्या धंद्यात चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती महाग पडते. येथे तर बिल नातवंडांच्या पिढीपर्यंत आले, आणि भरतो कोण? करदाता, म्हणजे तुम्ही-आम्ही.

कायदे करणाऱ्यांपुढे मासेमारी, पर्यावरण आणि कामगारांची सुरक्षितता हे तीन विषय बहुधा तीन वेगळ्या खात्यांतून येतात. विष मात्र खाते विचारून पसरत नाही. नवा नियम आला की कारखान्याचा खर्च किती वाढेल हे लगेच मांडले जाते. नियम न केल्यास पुढे किती खर्च येईल, हे दुसऱ्या पारड्यात कुणीतरी टाकावे लागते.

तसे केल्याने फरक पडतो. एलियट लेकच्या युरेनियम खाणींत फुफ्फुसाचे आजार वाढले, तेव्हा १९७४ साली कामगारांनी संप केला. सरकारने नेमलेल्या आयोगाचे प्रमुख जेम्स हॅम हे विद्युत अभियंता होते. त्यांच्या १९७६ च्या अहवालानंतर ओंटारियोत १९७८ चा कामगार सुरक्षा कायदा झाला. धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षा समितीत भाग घेण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा हक्क त्यातून मिळाला. आपल्यापैकी जे कारखान्यांत, प्रयोगशाळांत काम करतात त्यांनाही तो लागू आहे. २०२३ साली केंद्रीय कायद्यात निरोगी पर्यावरणाचा हक्क प्रथमच मान्य झाला. त्याची अंमलबजावणी कशी होते, हे पाहणे आपले काम.

घरी एवढे करा:

– तळ्यातला मासा खाण्यापूर्वी मार्गदर्शिका बघा. गरोदर स्त्रिया आणि १५ वर्षांखालील मुलांसाठीचे प्रमाण वेगळे व कमी आहे.
– पारा माशाच्या मांसात असतो. साफ करून किंवा तळून तो जात नाही.
– मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो. शार्क, स्वोर्डफिश, ताजा ट्यूना बेताने खा. तारलीसारखे लहान मासे बरे.

आणि एक गोष्ट घराबाहेरची. संसदेच्या समित्या एखाद्या विधेयकावर विचार करतात तेव्हा सामान्य नागरिकालाही लेखी म्हणणे पाठवता येते. आपल्यात अभियंते, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ भरपूर आहेत. आपल्या खासदाराला किंवा आमदाराला एक पानाचे पत्र लिहायला तासभर पुरतो. पुढच्या बिलाच्या मानाने तो तास स्वस्त आहे.