फिरत्या पायऱ्यांवर पहिल्यांदा चढताना

व्यायामशाळांत जिना चढण्याची यंत्रे दोन प्रकारची आढळतात. स्टेपर या प्रकारात दोन पेडल आळीपाळीने दाबायची असतात आणि पाऊल त्यांवरून उचलावे लागत नाही; स्टेपमिल या प्रकारात मात्र खऱ्याखुऱ्या पायऱ्यांची अखंड साखळी खाली सरकत असते आणि व्यायाम करणारा तिच्यावर वर चढत राहतो. नवख्या माणसाने अधिक सावध राहावे ते या दुसऱ्या यंत्रावर, कारण साध्या जिन्यावर दम लागला की जागीच थांबता येते, येथे पाऊल थांबले तरी पायरी खाली जातच राहते. म्हणून यंत्र चालू करण्यापूर्वी थांबण्याचे बटण कोठे आहे हे पाहून, आणि यंत्र सुरू झाल्यावर ते एकदा दाबून पायऱ्या कशा मंदावतात याचा अनुभव घेणे हा पहिला धडा मानला पाहिजे. बुटांची नाडी घट्ट बांधलेली असावी, आणि ओढणी, पायघोळ पायजमा किंवा कठड्यावर टाकलेला टॉवेल पायऱ्यांत अडकू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

या व्यायामाचा भार दिसतो त्याहून पुष्कळ जास्त असतो. पायरीची उंची साधारण 20 सेंटीमीटर धरली आणि मिनिटाला 25 पायऱ्या एवढाच संथ वेग ठेवला, तरी 10 मिनिटांत शरीर 50 मीटर, म्हणजे सोळा मजल्यांहून अधिक उंच उचलले जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी सर्वांत कमी वेगावर पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. श्रमाचे मोजमाप करण्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 6 ते 20 अशी श्रेणी तयार केली, जिच्यात व्यायाम किती जड वाटतो ते माणूस स्वतःच सांगतो. नवख्याने 12-13च्या, म्हणजे ‘थोडेसे कष्टाचे’ या पातळीपुढे जाऊ नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांना ही श्रेणी विशेष उपयोगी पडते, कारण त्या औषधांमुळे नाडीचा वेग पुरेसा वाढत नाही आणि नाडीवरून श्रमाचा अंदाज चुकतो.

सर्वाधिक चूक होते ती हातांची. थकवा आला की माणूस नकळत कठड्यावर भार टाकतो, कोपरे ताठ होतात, पाठ वाकते आणि शरीराचे काही वजन पायांऐवजी मनगटांवर येते. पडद्यावरचा कॅलरींचा आकडा मात्र हे जाणत नाही आणि न केलेले श्रमही मोजतो. कठड्यावर बोटे केवळ तोल सांभाळण्यापुरती टेकलेली असावीत, आणि तो घट्ट धरल्याशिवाय चढता येत नसेल तर वेग जास्त आहे असे निःशंक समजून तो कमी करावा. पाऊल शक्यतो पूर्ण पायरीवर ठेवावे, कारण टाच हवेत राहिली तर पोटरीवर ताण येतो. गुडघा आतल्या बाजूला न झुकता पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे. चढताना गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब पडतो, त्यामुळे संधिवात असलेल्यांनी, तसेच हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

शेवटची दोन-तीन मिनिटे वेग उतरवत न्यावा, कारण एकाएकी थांबल्यास पायांतील रक्त हृदयाकडे लवकर परतत नाही आणि भोवळ येते. पायऱ्या पूर्ण थांबल्यावरच, कठडा धरून, यंत्राकडे तोंड ठेवून खाली उतरावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, अथवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास मात्र ताबडतोब थांबून मदत मागावी.

गडकिल्ल्यांच्या चढाईची तयारी म्हणून या यंत्राकडे वळणाऱ्यांनी एक मर्यादा ओळखली पाहिजे: त्यावर उतरणे कधीच घडत नाही, आणि उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ज्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. तो सराव खऱ्या जिन्यावरच, हळूहळू वाढवत करावा लागतो.