बीम नसलेल्या छताचा हिशेब

बीम नको, हे मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. अंबाजोगाईत अभ्यासिका बांधायची होती. खाली पार्किंग, वर वाचनाचे हॉल. फ्लॅट स्लॅब घेतला की मजल्याची उंची वाचते, सेंटरिंगही सोपं होतं. पण मोमेंट कोणत्या पद्धतीनं काढायचे, हे कॉलमची मांडणी ठरवते.

आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातली डायरेक्ट डिझाइन पद्धत झटपट होते, मात्र तिच्या अटी कडक आहेत. दोन्ही दिशांना किमान तीन सलग स्पॅन हवेत आणि कॉलम ओळीबाहेर स्पॅनच्या दहा टक्क्यांहून जास्त सरकलेला नको. आमचे स्पॅन 6 मीटरचे, म्हणजे मुभा 600 मिलिमीटरची. गाड्या वळाव्यात म्हणून एक कॉलम 750 मिलिमीटर हलवलेला, आणि आडवे स्पॅन दोनच. ही पद्धत तिथेच बाद झाली. इक्विव्हॅलंट फ्रेम दोन स्पॅनना चालली असती, पण हललेल्या कॉलमपाशी फ्रेमची ओळच मोडत होती. म्हणून स्लॅबची बारीक जाळी करून संगणकावर हिशेब करणारी फायनाइट एलिमेंट पद्धत घेतली.

इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. संगणकावर कॉलमच्या डोक्याशी मोमेंटचा सुळका दिसतो आणि जाळी बारीक करत गेलं की तो वाढतच जातो. त्या आकड्यावर सळया ठरवायच्या नसतात. कॉलम पट्टीच्या रुंदीवर सरासरी काढायची. मग मी कागद घेतो. गुणकासह भार चौरस मीटरला 15 किलोन्यूटन, पॅनेलची रुंदी 6 मीटर, कॉलमच्या दर्शनी बाजूंमधलं अंतर 5.5 मीटर, एकूण मोमेंट सुमारे 340 किलोन्यूटन-मीटर. नेहमीच्या पॅनेलमध्ये दोन्ही टोकांच्या मोमेंटची सरासरी आणि मधला मोमेंट यांची बेरीज याच्या आसपास यायलाच हवी. पद्धत बदलली की वाटणी बदलते, बेरीज नाही. जे. आर. निकोल्स यांनी 1914 मध्ये अमेरिकेत साध्या स्थितिकीनं हेच दाखवलं, तेव्हा नामांकित अभियंते त्यांच्यावर तुटून पडले होते. निकोल्स बरोबर होते.

पंचिंग शिअर, म्हणजे कॉलम स्लॅबला भोसकण्याचा धोका, वेगळा तपासावा लागतो. मधल्या 500 मिलिमीटरच्या कॉलमभोवती ताण चौरस मिलिमीटरला 1.03 न्यूटन आला, एम 25 काँक्रीटला मर्यादा 1.25. हललेल्या कॉलमवर असमतोल मोमेंटची भर पडली, म्हणून तिथे ड्रॉप दिला, म्हणजे कॉलमभोवती स्लॅब जाड केला. भूकंपाचा आडवा जोर स्लॅबवर न सोडता लिफ्टभोवतीच्या शिअर वॉलवर घेतला. 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी या भागात विसरता येत नाही.

घरमालकांनो, फ्लॅट स्लॅब घेत असाल तर डिझाइनरकडून सॉफ्टवेअरच्या रिपोर्टसोबत हातानं केलेल्या बेरजेचं आणि पंचिंगच्या तपासणीचं पान मागून घ्या.