समृद्धीवर हायब्रीडचं ॲव्हरेज का पडतं?

शिर्डीहून समृद्धी महामार्गाला लागलात की कारला ताशी १२० किमीची मुभा आहे, आणि हायब्रीडचं ॲव्हरेज तिथेच पडतं. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रीडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किमी, पण तो ठरावीक चाचणीतला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ८० ऐवजी १२० ने गेलात तर थेट सव्वादोन पट! शिवाय एकसारख्या वेगात ब्रेक लागत नाहीत, म्हणून बॅटरीत वीज परत येत नाही, भार इंजिनावरच. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मात्र हीच गाडी कमाल करते.

घाटाचं गणित मला सगळ्यात आवडतं. संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट उतरताना बॅटरी भरत जाते. पण ती असते लहान. भरली की उरलेली ऊर्जा वायाच. गाडीत ‘बी’ मोड (इंजिन ब्रेकिंगचा) असेल तर लांब उतारावर जरूर वापरा, ब्रेक तापत नाहीत.

टायरमधली हवा तपासा, टपावरचं रिकामं कॅरिअर काढा. आणि पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल! आपल्या जिल्ह्यातल्या उसापासूनही ते बनतं, पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडी घट येणारच. घाई नसेल तर डावी लेन धरून ९० ने चला, फरक टाकी भरताना दिसेल.