दुसरा निकाह आणि पहिली भीती

माझी मामेबहीण मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. आम्ही तिचे कौतुक करायचो, किती पर्देदार मुलगी म्हणून. त्या बाह्यांखाली काय आहे हे आम्हाला सात वर्षांनी कळले, डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढायला लावला तेव्हा. त्यानंतर महिन्याभरातच मुलीला कडेवर घेऊन आणि एक पिशवी हातात धरून ती मिरजेच्या स्टँडवर उतरली. मुमानीने दार उघडले आणि आधी गल्लीत कुणी पाहत नाही ना ते पाहिले. मग म्हणाल्या, “सब्र कर, बेटा.”

सब्र या शब्दावर आपण फार अन्याय केला आहे असे मला वाटते. आजारपणात, गरिबीत, मौतीत माणूस सब्र करतो. मार खात बसणे म्हणजे सब्र, हे बायकांना कुणी शिकवले कोण जाणे!

तिने खुला घेतला आणि घाईत मेहरची रक्कम सोडून दिली. तिला सुटका हवी होती, हिशेब नको होता. पुढे एका वकीलबाईंनी सांगितले की 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली क्रौर्याच्या कारणावरून न्यायालयातून निकाह रद्द करून घेतला असता तर मेहरवरचा हक्क शाबूत राहिला असता. नवऱ्याने अंगाला हात लावला नसला, पण वागणुकीने बायकोचे जगणे असह्य केले, तरी हा कायदा त्याला क्रौर्यच म्हणतो. बहिणींनो, हे लिहून ठेवा. अर्थात कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवाव्या लागतात हे मीही पाहिले आहे, म्हणून तिला दोष देववत नाही.

इद्दत संपली. शिलाई मशीन आले. चार वर्षे गेली.

मग तो आला, एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. बायको वारलेली, मूलबाळ नाही. खाकी पँटची शिलाई उसवली म्हणून आला, मग दुसरी पँट घेऊन आला, मग जी कधी उसवलीच नव्हती ती तिसरी. उंबरठ्याच्या आत त्याने पाऊल टाकले नाही. काम होईपर्यंत लिंबाच्या झाडाखाली उभा राहायचा. मुलगी बाहेर खेळत असली तर तिच्या सायकलची चेन बसवून द्यायचा. दोन महिन्यांनी त्याची बहीण रिश्ता घेऊन मामूंकडे आली.

आपल्याकडे तलाकशुदा बाईच्या लग्नाबद्दल बोलताना ‘सहारा’, ‘सोय’ असे शब्द वापरतात. तिला एखादा माणूस आवडला, असे म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. मी म्हणते. तिला तो आवडला होता.

घरात मात्र चौकशी तिचीच सुरू झाली. तिचे पुन्हा जमेल का, तिचा स्वभाव बदलला का. एके दिवशी मगरिबनंतर मामूंनी सगळ्यांना बसवून फातिमा बिन्त कैस (रजि.) यांची हकीकत सांगितली. ती सहीह मुस्लिममध्ये आहे. तलाकनंतर त्यांची इद्दत संपली तेव्हा त्यांना मागण्या आल्या, आणि त्या सल्ल्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. अबू जहम यांच्याबद्दल प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की त्यांच्या खांद्यावरची काठी खाली उतरत नाही. मुआविया यांच्याबद्दल सांगितले की त्यांच्याजवळ पैसा नाही. आणि सुचवले उसामा बिन जैद (रजि.) यांचे नाव. फातिमांना आधी ते पसंत नव्हते, पण निकाह झाला आणि त्यात त्यांना बरकत लाभली. मामू म्हणाले, “पुरुषाच्या हाताची चौकशी करणं ही गीबत नाही. आपण पहिल्या वेळी पगार विचारला, हात विचारला नाही. चूक माझी होती.”

मामूंना असे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. दुसऱ्या दिवशी ते त्या माणसाच्या मयत बायकोच्या माहेरी गेले. तिच्या आईने सांगितले, शेवटच्या आजारात तिला हात वर करता येत नव्हता, तेव्हा जावई तिची वेणी घालायचे.

खरी अडचण निघाली ती पहिल्या सासरकडून. निरोप आला, तू निकाह केलास तर मुलगी आमची. तिने लगेच नकार कळवायला घेतला. वकीलबाईंनी थांबवले. हनफी मतानुसार आईने मुलीला महरम नसलेल्या पुरुषाशी निकाह केला तर तिचा हिजानतचा हक्क जातो हे खरे, पण तो आधी नानीकडे येतो, सरळ बापाकडे जात नाही. आणि आपली न्यायालये 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली सर्वांत आधी मुलाचे हित पाहतात. मुलीच्या खर्चाची बापाची जबाबदारीही आईच्या निकाहने संपत नाही. हे ऐकल्यावर मुमानी, त्याच ‘सब्र कर’ म्हणणाऱ्या, उठून म्हणाल्या, “येऊ दे त्यांना. नानी जिवंत आहे अजून.” कुणी आले नाही. पण ती वर्षभर मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला स्वतः जात होती.

निकाहनाम्यात तिने एक अट घालायला सांगितली. हात उगारला तर स्वतःला तलाक देण्याचा अधिकार तिला राहील. याला तफवीज म्हणतात. शरीअतमध्ये त्याला जागा आहे, पण आपल्याकडे कुणी लिहून घेत नाही. मुलाकडचे नाराज झाले. काझीसाहेबांनी पेन थांबवले. तो म्हणाला, “लिहा ना. मला काय फरक पडतो?”

निकाहने भीती मात्र गेली नाही. दाराची कडी वाजली की तिच्या हातातले भांडे पडायचे. एकदा त्याने पंख्याचे बटण दाबायला हात वर केला आणि ती भिंतीला टेकली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आला की जिन्याच्या खालूनच हाक मारायला लागला, मी येतोय म्हणून. आता तीन वर्षे झाली. शेजारी हसतात.

मुलगी त्याला चाचा म्हणते. शाळेच्या फॉर्मबद्दल त्याने मला विचारले होते, तेव्हा मी सांगितले की वडिलांचे नाव आहे तेच राहील. “ते तर राहिलंच पाहिजे,” म्हणाला आणि फीची तारीख विचारली.

मागच्या ईदला मी त्यांच्याकडे बसले होते. खालून हाक आली. बहीण स्वयंपाकघरात शीरखुर्मा ढवळत होती, तिने मान वर केली नाही. मुलगी आतूनच ओरडली, “कडी उघडीच आहे, चाचा!”