सटकू वायू आणि त्याचा पापुद्रा

शर्यतीत पंक्चर झालं, की सायकलपटू अंगठ्याएवढ्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड ट्यूबमध्ये सोडतात. काही सेकंदांत चाक टणक! दुसऱ्या दिवशी तेच चाक पुन्हा मऊ. नवं पंक्चर नसतं. रबरातून हा वायू नायट्रोजनच्या दसपटीहून जास्त वेगाने आरपार जातो, एवढंच.

खोड जुनीच. 1831 मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. जे. के. मिचेल यांनी रबरी पापुद्र्यांतून निरनिराळे वायू कमीजास्त वेगाने निसटताना पाहिले. 1866 मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी कारण मांडलं: वायू आधी रबरात विरघळतो, मग पलीकडे झिरपतो. म्हणजे इथे नुसती चाळणी चालत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू नायट्रोजनपेक्षा जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी बारीक; विरघळायची हौस मात्र कितीतरी दांडगी.

हीच खोड वापरून मिश्रणातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढता येतो. थर जितका पातळ, तितका वायू झपाट्याने जातो. पण पातळ थर दाबाखाली फाटतो. म्हणून कॉम्पोझिट मेम्ब्रेन, म्हणजे अनेक थरांचा पापुद्रा. तळाला पॉलिएस्टरचं कापड, त्यावर सच्छिद्र प्लास्टिक, बऱ्याचदा मध्ये सिलिकॉन रबराचा हात आणि माथ्यावर वायू निवडणारा थर, साधारण 100 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग! सगळ्यांत वर बसून खरं काम करणारा असा साहेब विरळाच.

काही थरांत अमाइन नावाची रसायनं मुरवलेली असतात. ओलाव्याच्या साथीने कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं, ते थर ओलांडतं आणि पलीकडे पुन्हा वायू होऊन बाहेर पडतं. नायट्रोजनला ही सोय नाही. थर वाळला, की मात्र ही वाहतूक मंदावते.

पाहुणा कार्बन डायऑक्साइडही उपद्व्यापी. जास्त दाबाखाली तो प्लास्टिकमध्ये इतका मुरतो, की थर फुगून सैल पडतो आणि मग नैसर्गिक वायूतला मिथेनही त्याच्यामागून घुसतो.

तरी 1980च्या दशकापासून नैसर्गिक वायू शुद्ध करायला या मेम्ब्रेन राबताहेत. त्यांतला जुना गडी सेल्युलोज अॅसिटेट. सिनेमाच्या फिल्मही त्याच्याच बनायच्या. आपल्या गोबरगॅसमध्येही साधारण 35 ते 45 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो काढल्याशिवाय त्या गॅसवर मोटार नीट धावत नाही, आणि तिथेही मेम्ब्रेन चालतात.

कोळशाच्या वीजकेंद्राचं धुराडं अवघड. धुरात हा वायू फक्त 12 ते 15 टक्के आणि त्याला पलीकडे ढकलणारा दाब जवळपास नाहीच. पंपांनी ओढायला वीज जाळावी लागते. नैसर्गिक वायूच्या धंद्यात मेम्ब्रेन केव्हाच कमावती झाली. धुराड्यावर तिची अजून उमेदवारीच चालू आहे.